बिडाची जाळी

त्सुकुबा, १२ सप्टेंबर २०२४

ती. सिंधूआत्या,

नमस्कार. हल्ली फोनवर मी काहीही विचारलं की तुम्ही "हो हो, बरं बरं" म्हणता आणि फोन सुशांतच्या हातात देता. मग तुमचा मुलगा मला जपानचं हवामान विचारतो. म्हणून सरळ कागद घेतला. पोस्टातल्या बाईंना हाताने लिहिलेलं पाकीट बघून इतका आनंद झाला की त्यांनी शोधून फुलांचे स्टॅम्प लावले.

बातमी अशी की मी घर बदललं. संस्थेचा फ्लॅट सोडला आणि त्सुकुबा डोंगराच्या पायथ्याशी एक जुनं शेतघर भाड्याने घेतलं. लाकडी भिंती, कागदी दारं, मागे बांबू. आयुष्यभर माती तपासणाऱ्या बाईने मातीजवळ राहावं, यात चूक काय? नचिकेतने पुण्याहून फोन करून थोरल्या बहिणीला ऐकवलं, "ताई, सेहेचाळिसाव्या वर्षी लोक लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये जातात." म्हटलं, जाऊ देत.

सुशीलचं ऑफिस शहरात, तोयोसुला, आर्याची शाळाही तिकडेच. त्यामुळे ते बापलेक तोयोसुच्या फ्लॅटवर असतात आणि मी इकडे. सगळ्यांच्या सोयीचं म्हणून. आर्या डिसेंबरच्या सुट्टीत दोन आठवडे येणार आहे. घर आवडलं तर एप्रिलपासून माझ्याजवळ राहून इथल्या हायस्कूलला जाईल, असं तिचं-माझं ठरलंय. पण तिने आत्ताच बजावलंय, "आई, सामुइ नारा मुरि." थंडी असेल तर जमणार नाही. आणि शेजारी सांगतात की जानेवारीत या घरात पेल्यातलं पाणी गोठतं.

घरात पूर्वी लाकडावरचा स्टोव्ह होता. स्टोव्ह गेला, धुराडं राहिलं. नवा घेणं परवडणारं नाही, म्हणून जुना घ्यायचाय, आणि बिडाचाच. दोन बघून ठेवलेत. एक हायवेवरच्या सेकंडहँड दुकानात आहे. काळाभोर, चकचकीत, दारावर दोन हरणं. दुसरा कुरामोची-सान म्हणून एक म्हातारे शेतकरी आहेत, त्यांच्या कोठारात. तांबूस गंजलेला, चारातला एक पाय वेगळाच. मला अर्थात हरणंवाला आवडलाय. पण चाळीस वर्षं फाउंड्रीत घालवलेली आत्या असताना दुकानदाराला काय विचारायचं?

काय काय बघू, ते लवकर कळवा.

तुमची,
अनघा


कोल्हापूर, २७ सप्टेंबर २०२४

चि. सौ. अनघा,

आशीर्वाद आधी घे, कारण पुढे बोलणी आहेत.

तुला हरणं आवडली. पहिलीत पाटीसुद्धा तू चौकटीच्या रंगावरून घेतली होतीस आणि आठवड्यात फोडली होतीस. आता तरी सुधार.

जुन्या बिडावर ताजा काळा रंग दिसला की पहिला प्रश्न विचारायचा, का दिला? गंज वरचा असतो, तारेच्या ब्रशने जातो. तडा आतला असतो, तो कशानेच जात नाही, फक्त झाकता येतो. तड्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, वर रंग मारायचा, गिऱ्हाईक खूश. हे उद्योग करणारी माणसं मी उद्यमनगरात रोज पाहिली आहेत, तुमच्याकडे नसतील असं समजू नकोस. वाकून नमस्कार करणारा माणूसही रंग मारू शकतो.

शेगडीच्या आत टॉर्च लावून ठेव, दार बंद कर, डोक्यावरून चादर घे आणि सांध्यांकडे बघ. उजेड झिरपला तर सांधे उघडलेत, ते एक वेळ भरता येतात. पण पाटा, म्हणजे शेगडीची एकेक बाजू, वाकला असेल, मधेच फुगला असेल, तर कुणीतरी ती लाल होईस्तोवर जाळली आहे. ती सोडून दे. दारात कागदाची पट्टी धरून दार लाव आणि पट्टी ओढ. सहज निघाली तर दार बसत नाही.

आणि शेवटी ठोक. छोटी हातोडी, हलका हात, एकेका पाट्यावर. अखंड बीड ठण्ण म्हणतं आणि थोडा वेळ म्हणत राहतं. तडा गेलेलं थड् करून गप्प बसतं. रंग डोळ्याला फसवेल, कानाला नाही फसवणार. आमच्या कारखान्यातला प्रत्येक नग असा ठोकूनच बाहेर पडला. तुझे आतोबा ओतायचे, मी ठोकायची. मालावर अक्षर त्यांचं, विनायकरावांचा 'वि'. लोक म्हणायचे, 'वि'चा माल डोळे मिटून घ्या. कान उघडे ठेवून कोण बसलं होतं, ते कुणी विचारलं नाही. असो.

घरी आणलीस की तेलाचा हात फिरव. बीड कोरडं ठेवू नये.

कारखाना जोरात आहे. सुशांत बरा आहे. सुशील कसा आहे ते तू लिहिलं नाहीस.

सिंधूआत्या


त्सुकुबा, १४ ऑक्टोबर २०२४

ती. आत्या,

पत्र पर्समध्ये घालूनच दुकानात गेले. हातोडीही पर्समध्ये होती. ती बाहेर काढल्यावर दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा झाला, पण इथे गिऱ्हाइकाला नाही म्हणायची पद्धत नाही. मी डोक्यावरून चादर घेतली तेव्हा तो माझ्याशेजारी हात जोडून उभा राहिला, जणू मी आत मंत्र म्हणतेय.

डावा पाटा ठण्ण. उजवा ठण्ण. वरचा ठण्ण. मागचा थड्. मी परत ठोकला, परत थड्. नखाने खरवडलं तर रंगाखालून करडी लांबी निघाली, बोटभर लांब. मी त्यावर नुसतं बोट ठेवलं. तो वाकला. मीही वाकले. हरणं तिथेच राहिली.

कुरामोची-सानचा स्टोव्ह मात्र गंजलेला असून चारी बाजूंनी गातो! ते ब्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांची बायको त्यावर रताळी भाजायची, ती गेल्यावर त्यांनी तो कोठारात ढकलला. मी ठोकत होते तेव्हा ते बादलीवर बसून ऐकत होते. मग म्हणाले, "काय म्हणतोय?" म्हटलं, "चालेल म्हणतोय." गल्लीतले चौघे जण तो हातगाडीवरून घरी घेऊन आले. एक पाय वेगळा कसा, ते त्यांनाही आठवत नाही.

आर्याला फोटो पाठवला. तिचं उत्तर एका शब्दात आलं, "दासाइ." म्हणजे गावठी. म्हटलं, आहेच, तुझ्या आजोळासारखा.

तेलाचंही तुम्ही सांगितलंत तसं केलं. आई नव्या बिडाच्या तव्याला करायची तसंच. आधी घासून स्वच्छ केला, मग अर्धा कांदा तेलात बुडवून आतून-बाहेरून चोळला. चार दिवस, चार हात. दीड बाटली तिळाचं तेल लागलं. आता असा काळाकुळकुळीत दिसतोय की हरणंवाल्याने तोंडात बोट घालावं. रविवारी पेटवणार आहे.

सुशील मजेत आहे.

अनघा


त्सुकुबा, २१ ऑक्टोबर २०२४

ती. आत्या,

तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहिते, कारण हे दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं.

काल शेगडी पेटवली. उत्साहात लाकडं ठासून भरली. दहा मिनिटांत ती दीड बाटली तेल धुमसायला लागलं. आतून, बाहेरून, पायांतून, सगळीकडून धूर. कागदी दारं दिसेनाशी झाली. मी खोकत बाहेर आले तर बांबूच्या वर ढग, आणि लांबून सायरन. कुणीतरी एकशे एकोणीसला फोन केला होता. मी घाबरले. पुन्हा आत गेले, दार उघडलं आणि बादलीभर पाणी आत फेकलं.

आत्या, तो आवाज तुम्हाला सांगायला नको. ठण्णही नाही, थड्ही नाही. बंदुकीसारखा.

अग्निशमनची सहा माणसं आली. त्यातल्या सगळ्यांत धाकट्याने दारात बूट काढायला सुरुवात केली, त्याला साहेब ओरडला. आग नव्हतीच, फक्त धूर आणि मी. गल्लीचे प्रमुख आले, कुरामोची-सान सायकलवरून आले. सगळे "दाइजोबु, दाइजोबु" म्हणाले, म्हणजे काही झालं नाही. पण झालं होतं. शेगडीचं अंग वाचलं, आतली जाळी, जिच्यावर लाकडं राहतात ती, तीन तुकडे. ती बनवणारी कंपनी कधीच बंद झालीय, जाळी कुठेच मिळत नाही. त्या जाळीशिवाय शेगडी म्हणजे नुसतं कपाट.

आता दुसरं. आर्याला कुणीतरी धुराचा फोटो पाठवला, तो सुशीलने पाहिला. त्याचा मेसेज तुम्हाला जसाच्या तसा सांगते. "२८ डिसेंबरला आर्याला सोडायला मी स्वतः येईन. घर उबदार नसेल तर तिला घेऊन परत जाईन, आणि एप्रिलचा विषय संपला."

तो असं का लिहू शकतो, तेही सांगते. आम्ही मार्चपासून वेगळे राहतो. सोयीसाठी नाही. कागदपत्रं व्हायची आहेत, पण होतील. कुणी दुसरी नाही, मारझोड नाही, आरडाओरडा नाही. मी काहीही करायला घेतलं की तो "कशाला?" म्हणायचा. कंपोस्ट कशाला, रात्रीचे जपानीचे क्लास कशाला, झाडं कशाला. एक दिवस मला उत्तर द्यायचा कंटाळा आला. घरी अजून कुणालाही सांगितलेलं नाही, नचिकेतलाही नाही.

सगळे म्हणतात, रॉकेलचा हीटर घे, हजारो घरांत असतो. घेऊ शकते. पण मग ही शेगडी "कशाला" होती, ते मलाच सांगता येणार नाही. हट्ट आहे. असू दे.

अनघा


कोल्हापूर, २ नोव्हेंबर २०२४

डॉ. अनघा,

पाकिटावरही असंच लिहिलंय. सौ. काढल्यावर जागा मोकळी राहिली, ती भरली. पोस्टमनने विचारलं, तुमच्यात डॉक्टर कोण? म्हटलं, आमची अनघा. मातीची डॉक्टर.

आधी शिव्या. तेलाचा हात म्हणजे फडक्याचा हात, बाई! एक फडकं, दोन थेंब, तेही उन्हाळ्यात गंजू नये म्हणून. तव्यावर भाकरी करतात, शेगडीवर करतात का? दीड बाटली! आणि तापलेल्या बिडावर गार पाणी! ओतकामवाल्याच्या घरातली मुलगी तू. हे कोल्हापुरात कुणाला सांगू नकोस, मीही सांगणार नाही.

पण एक लक्षात घे. एवढं होऊन अंगाला तडा गेला नाही, म्हणजे शेगडी तू चांगलीच निवडलीस.

आता तुझं ते दुसरं. सांगायला आठ महिने लावलेस म्हणून मी तुला फैलावर घेणार होते. पण मग मलाही काही गोष्टी सांगाव्या लागतील, तेव्हा आधी सांगूनच टाकते. मला ऐकू येत नाही. चार वर्षं झाली. ग्राइंडिंगच्या चाकापाशी चाळीस वर्षं काढली, कान तिथेच राहिले. फोनवर तू बोलतेस ते मला काही कळत नाही, मी अंदाजाने हो हो म्हणते. आणि कारखाना जोरात नाही. दोन दिवाळ्या झाल्या, बंद आहे. सुशांतने जागेला गिऱ्हाईक आणलंय, डिसेंबरअखेर सही करायची म्हणतो. मला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. लिफ्ट आहे, हे त्याने चार वेळा कागदावर लिहून दाखवलं.

मी तुला खोटं लिहिलं, तू मला खोटं लिहिलंस. फिटलं.

सुशीलला माझा आशीर्वाद आहे, पण तुला जास्त आहे.

आता ऐक. जाळीचे तिन्ही तुकडे पाठव. जोडू नकोस, कुणाला वेल्डिंग करू देऊ नकोस. राख पुसायची आणि पाठवायचे. तुकडे आहेत म्हणजे माप आहे, आणि माप आहे म्हणजे जाळी होते. सुशांतला विचारलेलं नाही. भट्टी माझी आहे.

सिंधूआत्या


त्सुकुबा, १० नोव्हेंबर २०२४

ती. आत्या,

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा रडले. पहिल्यांदा तुमच्या कानांसाठी, नंतरच्या दोन वेळा कशासाठी ते माहीत नाही. मग पुडकं बांधलं. पोस्टातल्या बाईंनी विचारलं, आत काय? तुटलेलं लोखंड. कशासाठी? दुरुस्तीसाठी. भारतात? त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं आणि शिक्का मारला.

गल्लीतल्या अकरा घरी माफीची मिठाई घेऊन गेले. इथे शेजाऱ्यांना त्रास झाला की तशी पद्धत आहे. दुकानातली न नेता बेसनाचे लाडू केले. तूप मिळवायला इचिकावापर्यंत जावं लागलं, तिथे आपल्या लोकांचं दुकान आहे. प्रत्येक दारात वाकले, पण "यापुढे शेगडी पेटवणार नाही" असं एकाही दारात म्हटलं नाही. "यापुढे धूर होणार नाही" एवढंच म्हटलं. प्रमुखांच्या बायकोने आज डबा परत आणून दिला आणि लाडवांची कृती मागितली. कुरामोची-सान न सांगता अंगणात ओकची लाकडं रचून गेलेत, दोन वर्षं वाळवलेली.

नचिकेतला शेवटी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला भट्टीपुढे उभं करतेस? लाज नाही वाटत?"

वाटते. तरी तुकडे पाठवले. तुम्ही नाही म्हणालात तर मी समजून घेईन.

अनघा


कोल्हापूर, ५ डिसेंबर २०२४

डॉ. अनघा,

मी नाही म्हणाले तर समजून घेणार होतीस! मग पाठवलेस कशाला? पुन्हा असली वाक्यं लिहू नकोस.

तुकडे आले. टेबलावर जुळवले, मापं घेतली आणि सागाच्या फळीतून साचा स्वतः कोरला. बीड थंड होताना आक्रसतं, म्हणून साचा शंभराला एक मोठा करावा लागतो. हात थरथरतात, पण कानस धरली की थांबतात.

आमचा जुना मोल्डर जयप्रकाश, आता भाजी विकतो. त्याला निरोप धाडला, वाळू मळायची आहे. तो गाडा मुलीच्या ताब्यात देऊन आला. मोठी भट्टी दोघांना झेपणारी नव्हती, म्हणून मागच्या खड्ड्यातली छोटी साफ केली. कोळसा, ब्लोअर आणि एक मूस. जुन्या मालाचे तुकडे होते, 'वि' लिहिलेले, तेच वितळायला घातले. घालताना जरा थांबले. मग घातले.

पहिल्या दिवशीची जाळी वाया गेली. दोन वर्षं बंद कारखान्यातली वाळू, ओल धरलेली. सगळ्या पट्ट्यांना भोकं. जयप्रकाश म्हणाला असावा, जाऊ द्या वहिनी. मला ऐकू आलं नाही. ती फोडून परत मुशीत टाकली. वाळू दोन दिवस उन्हात पसरली.

तिसऱ्या दिवशी मूस वर काढायच्या वेळी सुशांत आला. दारात उभा राहून बराच वेळ ओरडत होता. चेहरा लाल, हात वर. बहिरं असण्याचे फायदे असतात. मुशीचा चिमटा दोघांनी धरायचा असतो. एका टोकाला जयप्रकाश, दुसऱ्याला मी. मूस खड्ड्यातून निम्मी वर आली आणि जयप्रकाशची कंबर धरली. खाली ठेवावी तर रस गोठणार. मी सुशांतकडे बघितलं.  तो ओरडायचा थांबला, पँटवर हात पुसले आणि चिमटा धरला. वीस वर्षांत त्याने चिमट्याला हात लावला नव्हता, पण साच्याच्या तोंडाशी त्याचा हात हलला नाही. लहानपणी शिकवलेलं जात नाही. चिमटा ठेवताना तेवढा डावा पंजा भाजून घेतला.

जाळी थंड झाल्यावर तारेला टांगली, हातोडी मारली आणि तार दातात धरली. कान गेल्यापासून कारखाना बंद होईपर्यंत माल मी असाच तपासत होते, कुणाला सांगितलं नाही. ऐकू येत नाही, पण दातांना कळतं. चांगली आहे. नक्की चांगली आहे.

स्पीड पोस्टने पाठवली आहे. बसवण्याआधी एकदा टांगून ठोक आणि आवाज कसा आला ते मला नीट लिही. दातांना सगळं कळत नाही.

सिंधूआत्या


त्सुकुबा, ३० डिसेंबर २०२४

ती. आत्या,

जाळी कस्टमने अडवून ठेवली होती. मी तीन वेळा फोन केला, चौथ्यांदा स्वतः जाऊन उभी राहिले. तुमची भाची आहे हे त्यांना आता माहीत आहे. चोवीस तारखेला हातात आली. एक कोपरा केसभर अडत होता, कानशीने घासला, आणि बसली.

बसवण्याआधी उलटून पाहिली होती. खालच्या बाजूला दोन अक्षरं ओतलेली निघाली. त्याबद्दल पुढे लिहिते.

अठ्ठावीसला सुशील आला. जाड कोट, मफलर, आणि आत्या, खरं सांगते, त्याने खिशातून थर्मामीटर काढला. टेबलावर ठेवला आणि त्याच्यासमोर बसला. बाहेर डोंगरावरून वारा सुटला होता, कागदी दारं थरथरत होती. मी लाकडं घालत राहिले, एका वेळी दोन, ठासून नाही. आर्या मोजे काढून शेगडीकडे पाय करून बसली. अर्ध्या तासाने त्याने थर्मामीटर उचलला. बावीस. म्हणाला, "बरं." मग कोट काढला. रताळी भाजली होती, ती खाल्ली. जाळी कुठून मिळाली विचारलं, मी सांगितलं. तो बराच वेळ आत बघत होता. कशाला, म्हणाला नाही. चारच्या बसने एकटा परत गेला. आर्याची बॅग इथेच राहिली, आणि एप्रिलचा विषयही.

काल सकाळी शेगडी गार झाल्यावर आर्याने राख काढली. जाळी हातात घेऊन माझ्याकडे आली आणि बोटाने वाचलं, "सिं... धू." म्हणाली, "आत्याआजी? नान्दे शिता?" म्हणजे, खाली का? खालून कोण बघणार? 

मग तिनेच जाळी तुळईला तारेने टांगली आणि हातोडी मारली. आवाज लिहिते. आधी ठण्ण, मोठा, स्वच्छ, कुठेही घोगरा नाही. मग तो बारीक होत गेला, मी पाच मोजेपर्यंत होता. मग कानाला लागेना, तेव्हा आर्याने तार दातात धरली आणि डोळे मोठे केले. म्हणाली, "मादा." अजून आहे. मग मी धरली. होता.

आता तिचा निर्णय ऐका. जाळी तिने उलटी बसवली, तुमचं नाव वर. पेटल्यावर अक्षरं लाल दिसतात. राख जरा अडकते, पण आम्हाला चालतं. चाळीस वर्षं कुणी विचारलं नाही ना, आता या घरात येणारा प्रत्येक माणूस विचारेल.

आणखी एक. कुरामोची-सानने गावभर सांगितल्यामुळे हरणंवाला दुकानदार परवा दारात आला. जाळी फुटल्यामुळे पडून असलेले सहा स्टोव्ह त्याच्याकडे आहेत. विचारतोय, त्या ओतणाऱ्या बाई ऑर्डर घेतात का?

अनघा


कोल्हापूर, १२ जानेवारी २०२५

डॉ. अनघा आणि चि. आर्या,

पत्र मिळाल्याबरोबर, चहा प्यायच्या आधी, जाळी सुलटी बसवा.

पट्ट्या वर रुंद आणि खाली निमुळत्या केल्यात त्या मला दुसरं काम नव्हतं म्हणून नाही. राख सुटून खाली पडावी म्हणून. उलटी बसवली की राख फटीत कोंबली जाते, हवा कोंडते, बीड नको तितकं तापतं आणि दोन हिवाळ्यांत वाकतं. हरणांच्या एका जोडीपासून मी तुम्हाला वाचवलं आणि तुम्ही मलाच शोभेचं हरीण करून ठेवलंत!

सहा नगांसाठी मी भट्टी पेटवत नाही. दुकानदाराला सांग, निदान बारा हवेत, आणि तुकडे पुसून पाठव म्हणावं. सुशांतने सही पुढे ढकलली आहे. हात भाजलाय, पेन धरवत नाही, असं गिऱ्हाइकाला सांगितलं त्याने. भाजलाय डावा. 

आवाज वाचला. पाचपर्यंत, आणि त्यानंतर दातात. पत्राची घडी उशीखाली आहे.

आर्या, तू विचारलंस, नाव खाली का. चाळीस वर्षं माझं नाव कुठेच नव्हतं आणि त्याचा मला राग आहे, तो जायचा नाही. पण वरच्या बाजूला निखारे असतात. तिथे नाव दोन-तीन हिवाळे दिसेल आणि झिजून जाईल. खाली फक्त राख पडते, तिथे ते राहतं. मला दिसून काय करायचंय, मला राहायचंय.

आता तुझं काम. त्या घरी असशील तेव्हा रोज सकाळी राख काढताना खालून हात लावून बघत जा. अक्षरं बोटाला लागतात तोवर जाळी चांगली आहे. लागेनाशी झाली की कळव. दुसरी ओतेन.

सिंधूआत्या